बारमाही टायर

दोन मराठी माणसं परक्या मुलखात भेटली की पहिल्या पाच मिनिटांत एकमेकांचं गाव, सहाव्या मिनिटाला शाळा आणि सातव्या मिनिटाला घर भाड्याचं की स्वतःचं, एवढं काढून घेतात. त्यानंतर काय बोलायचं हा प्रश्न उरतो. आपल्याकडच्या मोटारवाल्यांनी तो केव्हाच सोडवलेला आहे. 'किती देते?' बस्स, दोन शब्द. प्रश्न गाडीबद्दलचा आहे आणि देण्याची वस्तू म्हणजे लिटरमागे किलोमीटर, हे सांगावं लागत नाही. समोरचा माणूस उत्तरात दोनतीन किलोमीटर पदरचे घालतो, विचारणारा तेवढेच मनातल्या मनात वजा करतो, आणि व्यवहार चोख होतो.

मॉन्ट्रियलमध्ये मात्र 'किती देते' असं कोणी विचारत नाही. तिथे विचारतात, 'बदलले का?'

२०१९ साली आम्ही उभयता लेकीकडे मॉन्ट्रियलला गेलो होतो. तिकडची दिवाळी पंचांगाप्रमाणे येत नाही, सोयीच्या शनिवारी येते. ती त्या वर्षी २ नोव्हेंबरला आली. भाड्याने घेतलेल्या एका हॉलमध्ये मंडळी जमली होती. चकलीचा तुकडा मोडता मोडता एका गृहस्थांनी आमच्या जावयांना विचारलं, "काय, बदलले का?" मला वाटलं, नोकरीबिकरीबद्दल असेल. पण नोकरी 'बदलली' असती आणि घर 'बदललं' असतं. 'बदलले' म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. शाळेत शिकलेलं व्याकरण असं अवेळी उपयोगी पडतं. मी दातांपर्यंत येऊन पोचलो. जावई म्हणाले, "नाही हो, सोळा तारखेची अपॉइंटमेंट मिळालीय." तेव्हा तर माझी खात्रीच झाली. बिचाऱ्याचं वय अवघं चाळीस!

निघाले टायर.

त्याचं असं आहे, की क्युबेक प्रांतात हिवाळ्यात मोटारीला हिवाळी टायर लावणं २००८ पासून कायद्याने सक्तीचं आहे. आधी ही मुदत १५ डिसेंबर ते १५ मार्च अशी होती. आम्ही गेलो त्याच वर्षी तिची सुरुवात १ डिसेंबरवर ओढली होती. न लावल्यास दोनशे ते तीनशे डॉलर दंड. शेजारच्या ऑन्टारियोत सक्ती नाही. पण तिथल्या विमा कंपन्यांना २०१६ पासून हिवाळी टायरवाल्यांना हप्त्यात सवलत द्यावी लागते. म्हणजे एका प्रांतात छडी आणि दुसऱ्यात खडीसाखर. उरलेल्या महिन्यांत गाडीला जे टायर असतात त्यांचं नाव 'ऑल सीझन'.

"म्हणजे सर्व ऋतूंचे?" मी विचारलं.

"हो."

"मग हिवाळ्यात का चालत नाहीत?"

"हिवाळा सोडून सर्व," जावई म्हणाले.

मला आमच्या साडूंची आठवण झाली. कोणाच्याही घरी कार्य निघालं की ते छातीवर हात ठेवून सांगतात, "कसलीही काळजी करू नका, सगळ्याला मी आहे." पंगतीला असतात, फोटोला असतात, रुसलेल्या पाहुण्यांची समजूत घालायलाही असतात. मांडववाला पैसे मागायला येतो तेव्हा ते कुठे असतात, याचा शोध अजून लागलेला नाही. साडू ऑल सीझन आहेत.

फराळाच्या टेबलाभोवती तोवर पक्ष पडले होते. परदेशातल्या मराठी माणसाला राजकारणात मतदान करायला मिळेलच असं नाही. ती हौस तो टायरवर भागवतो. पहिला पक्ष सोलापूरकरांचा. (तिथे माणसं आडनावापेक्षा गावाने ओळखतात, आणि मलाही तेच सोयीचं आहे.) सोलापूरकर टोरांटोला अकरा वर्षं राहून आलेले. "अकरा हिवाळे काढले, एकाच सेटवर! ऑल सीझन! केसाला धक्का नाही. अहो, टायर काय करतो? हातात कसब पाहिजे. पायाखाली अंडं ठेवलंय असं समजून ब्रेक दाबायचा. ही हिवाळी टायरांची भानगड टायर विकणाऱ्यांनी काढलीय."

दुसरा पक्ष नाशिककरांचा. त्यांच्याकडे दोन सेट, आणि दोन्ही वेगवेगळ्या रिमांवर चढवून ठेवलेले. हिवाळी सेट फिनलंडचा. तिथल्या नोकिया नावाच्या गावच्या कारखान्याने (मोबाइलवाल्या नोकियाचंही मूळ गाव तेच) १९३४ साली ट्रकसाठी जगातला पहिला हिवाळी टायर काढला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी. त्या टायरचं नाव हाक्कापेलिइट्टा. हे नाव उच्चारताना नाशिककरांच्या तोंडात अनारसा होता, त्यामुळे खसखस माझ्यापर्यंत पोचली. नाशिककरांचे जे टायर वापरात नसतात, ते एका गॅरेजमध्ये महिनोन् महिने पैसे भरून राहायला असतात. अशा जागेला तिकडे टायरांचं हॉटेलच म्हणतात. मला मे महिन्यात महाबळेश्वरला खोली मिळत नाही, आणि इथे टायर हवापालटाला जातात!

तिसरा पक्ष एकट्या नागपूरकरांचा. त्यांचं म्हणणं, ऑल सीझन नको, हिवाळी नको, 'ऑल वेदर' घ्या. सीझन म्हणजे ऋतू आणि वेदर म्हणजे हवामान, असा त्यातला भेद. ऑल वेदर टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण, अशी खूण असते. ती खूण असली की क्युबेकचा कायदा संतुष्ट, आणि टायर उन्हाळ्यातही काढावा लागत नाही. युक्तिवाद उत्तम होता. परंतु दोन्ही बाजूंना मान्य होईल असा तोडगा सुचवणाऱ्याचं आपल्या सभांमधून जे होतं, तेच नागपूरकरांचं झालं. दोन्ही बाजू त्यांच्यावर तुटून पडल्या. उन्हाळ्यात लवकर झिजतात म्हणाले एक, आणि कडाक्याच्या थंडीत अस्सल हिवाळीची सर येत नाही म्हणाले दुसरे. बहुधा दोघांचंही थोडंथोडं बरोबर असावं, म्हणून आवाज चढले.

एक तरुण इंजिनियर एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, "माझी गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे. कितीही बर्फ असू दे, निघते म्हणजे निघतेच."

आमच्या सौ. पलीकडे करंज्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. गाडीच्या चार चाकांपैकी स्टिअरिंग कोणतं, एवढंच विचारायचं त्यांनी आजवर बाकी ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, "निघते हो. पण थांबते का?"

टेबलाभोवती जरा शांतता झाली. कारण तोवर अर्धा तास जो तो आपली गाडी कशी निघाली, कशी चढली, शेजाऱ्याची कशी रुतली होती आणि आपण कसे शेजारून झोकात गेलो, हेच सांगत होता. थांबण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. चारी चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी निघते लवकर. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारी चाकांना असतात, आणि थांबवायचं काम शेवटी रबराकडे येतं. अख्खी मोटार, आतली माणसं, डिकीतलं सामान आणि विम्याचे कागद, एवढा सगळा संसार जमिनीला टेकतो तो चार तळहातांएवढ्या जागेवर. नाशिककरांनी लगेच फोन काढून एक चित्रफीत दाखवली. ५ डिसेंबर २०१६, मॉन्ट्रियलमधलाच बीव्हर हॉलचा उतार. बस घसरत येऊन खालच्या गाड्यांवर आपटते, तिच्यामागून दुसरी, मग पोलिसांची गाडी येते तीही आपटते, आणि शेवटी बर्फ काढणारी गाडी तेवढ्याच शांतपणे घसरत येऊन पोलिसांना ठोकते. सगळं अगदी सावकाश. लग्नातल्या पंगतीत माणसं येऊन बसावीत तसं.

"तो ड्रायव्हर सोलापूरचा नव्हता," सोलापूरकर म्हणाले.

घरी परतल्यावर जावयांनी मला तळघरात नेलं. तिथे काळ्या पिशव्यांत त्यांचे हिवाळी टायर ठेवले होते. त्यांनी एकावर माझा अंगठा दाबला आणि मग गाडीच्या टायरवर दाबला. फरक कळण्यासारखा होता. सगळी मेख रबराच्या मिश्रणात आहे. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं की नेहमीचं रबर ताठर होऊ लागतं आणि रस्त्याला धरीनासं होतं. हिवाळी टायरचं रबर तेव्हाही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला पकडतात. मी म्हटलं, "कळलं. खोबरेल तेल." पुण्याच्या डिसेंबरात सकाळी बाटली उलटी धरून बसणाऱ्या माणसाला हे समजायला पदार्थविज्ञान लागत नाही. बाटली तीच, तेल तेच. पण यायला तयार नसतं.

ऑल सीझन हा या दोहोंमधला समझोता. अमेरिकेत १९७७ साली गुडइयरने 'टिएम्पो' नावाचा टायर आणला, तिथून ही कल्पना घरोघरी गेली. टिएम्पो हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ काळही होतो आणि हवामानही. त्याआधी बर्फाळ मुलखातले लोक वर्षातून दोनदा मुकाट्याने टायर बदलत. जॅक लावायला नको, तळघर अडायला नको, हे ज्याने सांगितलं त्याच्यावर माणसांनी विश्वास ठेवला यात नवल नाही. ऑल सीझनच्या अंगावर बहुधा 'एम' आणि 'एस' अशी अक्षरं असतात: मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ. क्युबेकच्या सरकारने मात्र डिसेंबर २०१४ पासून ती अक्षरं ग्राह्य धरणं बंद केलं. डोंगराची खूण दाखवा, नाहीतर खिळ्यांचे टायर लावा. स्वतःच स्वतःला दिलेल्या पदव्या आपल्याकडेही अशा कोणी तपासल्या तर किती बहार येईल!

आपल्याकडे टायरला ऋतू नसतात, दशा असतात. नागपूरच्या मे महिन्यात आणि आंबोलीच्या जुलैत तोच टायर धावतो; त्याला कोणी ऑल सीझन म्हणत नाही, कारण 'याशिवाय दुसराही असू शकतो' हेच कोणाच्या डोक्यात येत नाही. पहिली दशा नव्याची. तिच्यात रबरी केस असतात आणि मालक ते कौतुकाने उपटतो. दुसरी जुन्याची. तिसरी 'अजून एक पावसाळा काढेल'ची. ही सर्वांत लांब. आमच्या साडूंच्या गाडीने या दशेत तीन पावसाळे काढले. कायदा म्हणतो नक्षी १.६ मिलिमीटर हवी. साडू म्हणतात हवा नीट असली की झालं. चौथी दशा गोटा. गोटा झालेल्या टायरवर हात फिरवला तर देवघरातल्या शाळिग्रामाची आठवण होते, आणि पावसात कशेडीचा घाट उतरताना तर प्रत्यक्ष देवाचीच.

पण गोटा झाला म्हणजे टायर मेला असं नाही. तो पत्र्याच्या छपरावर जाऊन बसतो आणि वादळात छप्पर धरतो. चिंचेच्या फांदीला झोपाळा होतो. बंदराच्या धक्क्यावर होड्यांचे धक्के खातो. त्याच्या चपला होतात आणि त्या मालकाला मागे टाकून जगतात. पंक्चरवाल्याची पाटी म्हणून रस्त्याकडेला टांगून घेतो. एवढे आश्रम माणसालाही नाहीत.

मॉन्ट्रियलच्या गाडीची डिकी उघडून मी स्टेपनी शोधली. नव्हती. एक छोटा पंप आणि रबराच्या चिकाची बाटली होती. हल्ली पुष्कळ गाड्यांत एवढंच देतात म्हणे. "स्टेपनी नाही?" मी विचारलं. नातवाने विचारलं, "स्टेपनी म्हणजे कोण?" आता हा शब्द इंग्रजी आहे हे त्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोराला कसं पटवायचं? वेल्समधल्या लनेथ्ली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा काढला आणि रस्त्याचं नाव चाकाला दिलं. साहेब तो शब्द विसरला. आपण जपला, वाढवला, आणि त्याला नको तो अर्थही चिकटवला. नातवाला मी फक्त पहिला अर्थ सांगितला.

११ नोव्हेंबरला बर्फ आला. सोळा तारखेला अजून पाच दिवस होते आणि कायद्याच्या तारखेला वीस. बर्फाने दोन्ही विचारात घेतल्या नाहीत. दुपारी भुरभुर होती, चारपर्यंत रस्ता दिसेना. जावई कामासाठी ओटावाला गेलेले. नातू शाळेतल्या पाळणाघरात, आणि ते सहाला बंद होतं. लेकीने किल्ली उचलली. "मी येतो," मी म्हटलं. माझा उपयोग काहीच नव्हता. पण बापाचा असा उपयोग नसतानाही त्याने बरोबर जायचं असतं.

लेक राहते त्या भागाचं नाव कोत-दे-नेज. म्हणजे बर्फाची चढण. गावांची नावं ठेवणारे पूर्वज विनोदी नव्हते, हे आपण लक्षात घेत नाही. चढण असते तिला उतारही असतो. काचेवर आधीच एक पिवळा दिवा लागला होता, हवा कमी. तपमान पाचसहा अंश उतरलं की टायरातली हवा पौंडभर उतरते, त्यामुळे पहिल्या थंडीत गावभर गाड्यांचे हे दिवे लागतात. लेक वीसच्या वेगाने चालली होती. उताराच्या तळाशी चौक, आणि चौकात लाल पाटी. क्युबेकमध्ये या पाटीवर बहुधा 'स्टॉप' लिहीत नाहीत, फ्रेंच शब्द लिहितात: अ‍ॅरे. त्यातला शेवटचा टी गिळायचा असतो. आल्या दिवसापासून मी ती पाटी 'अरे' अशी वाचत होतो आणि मला ती भारी आवडली होती. थांबा वगैरे नाही, नुसतं 'अरे!'

लेकीने ब्रेक दाबला. पायाखाली खटखट असा आवाज आला. गाडीला ते कोणी कळवलेलंच नव्हतं. चाकं थबकत होती, पण गाडी तशीच पुढे, त्याच संथपणे, नाक किंचित डावीकडे वळवून. मी आयुष्यात इतक्या हळू जाणाऱ्या वाहनात इतका घाबरलो नव्हतो. अरे आलं, अरे बाजूला आलं, अरे मागे गेलं. "अरे, अरे, अरे," एवढंच माझ्या तोंडून निघालं. नातू पुढे म्हणाला, आजोबांचे फ्रेंच उच्चार चांगले आहेत. आडव्या रस्त्यावरून बस येत होती. तिच्या ड्रायव्हरने आम्हांला आमच्याआधी ओळखलं असावं. तो लांबच थांबला. आमची गाडी चौकाच्या मध्यावर जाऊन, आपल्या मनाने, थांबली. त्याने काचेमागून एक हात वर केला. रागाने नाही, सावकाश, असा.

लेक काही बोलली नाही. गाडी चौकातून हळूच काढून तिने कडेला लावली, किल्ली काढली आणि स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून थोडा वेळ बसली. लहानपणी सायकलवरून पडल्यावर ती अशीच बसायची. रडायचं की नाही ते ठरवत. मग म्हणाली, "बाबा, चालत जाऊ."

चाललो. माझ्या पायात लक्ष्मी रोडवरून घेतलेले बूट होते. सुंदर बूट. त्यांचे तळवे साडूंच्या टायरांसारखे. मी लेकीचा दंड धरला. आम्ही सहा वाजून दहा मिनिटांनी पोचलो, उशिराचे पैसे भरले, आणि नातवाला मध्ये घेऊन परत आलो. त्याला तो रस्ता संपूच नये असं वाटत होतं. सौ.नी दार उघडून विचारलं, "गाडी?" लेक म्हणाली, "आहे." आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. सौ.नी पुढचं काही विचारलं नाही. रात्री लेकीने सात गॅरेजना फोन केले. त्या रात्री सगळं मॉन्ट्रियलच गॅरेजना फोन करत होतं.

चौदा तारखेला आम्हांला वाणसामानाला नेण्यासाठी सोलापूरकर आले. माणूस परोपकारी, त्यात वाद नाही. नातू त्यांच्या गाडीभोवती चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, तुमच्या टायरवर डोंगर आहे."

सोलापूरकरांनी टोपी कानांवर ओढली. "ते होय. पंधरा ऑक्टोबरलाच बदलून घेतले. तेव्हा गर्दी नसते."

"मग त्या दिवशी तुम्ही फराळाला म्हणालात ते?" मी विचारलं.

"अहो," ते म्हणाले, "ती चर्चा होती."

सोळाला आमचे बदलले. उतरवलेल्या ऑल सीझनवर लेकीने खडूने 'पु. डा.', 'मा. उ.' असं लिहून त्यांना पिशव्यांत घातलं, आणि पुढे 'एप्रिल' असंही लिहिलं. सौ.ना एवढ्यावर बरं वाटेना. नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबू ठेवतात; चाकं नवी तर तीही गाडी नवीच, असं त्यांचं शास्त्र. विसरायला नको म्हणून चार लिंबं त्यांनी आदल्या रात्रीच डिकीत ठेवली होती. खाली पार्किंगमध्ये कडाक्याची थंडी. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, चारी चाकांपुढे लिंबं मांडली आणि हात जोडले. लेकीने गाडी पुढे घेतली.

एकही फुटलं नाही. रात्रभरात त्यांचे दगड झाले होते. तीन चाकं त्यांच्यावर अलगद चढून उतरली, आणि चौथं लिंबू टणकन उडून बर्फावरून घसरत घसरत पलीकडच्या गाडीखाली गेलं.

सौ.चा चेहरा पडला. जावयांनी वाकून एक लिंबू उचललं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आई, काही अशुभ नाही. लिंबू ऑल सीझन आहे."